वजाबाकीवाल्या मॅडम

आमच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर मॅडमना पाठीमागे सगळे ‘वजाबाकी’ म्हणतात. राउंडला आल्या की औषधांचा तक्ता मागवणार, "हे कशासाठी चालू आहे?" विचारणार आणि काहीतरी खोडून मोकळ्या होणार. घरीही तेच. त्यांच्या सासूबाई एकदा माझ्यापाशी कुरकुरल्या होत्या, "कपाटात एक चादर जास्त दिसली तरी हिला झोप येत नाही हो, सिस्टर." मला भरलेलं कपाट आवडतं. त्यामुळे आमचं दोघींचं तसं जेमतेमच.

त्या आठवड्यात खिडकीजवळच्या खाटेवर एक रंगारी होता. शिडीवरून पडून मांडी मोडलेली. ऑपरेशन छान झालं, पण नंतर ताप चढला तो उतरायचं नाव घेईना. दरदरून घाम, हातांना थरथर, मधूनच असंबद्ध बडबड. सर्जनसाहेबांनी जखमेत जंतू शिरले म्हणून आणखी जालीम अँटिबायोटिक लावलं, तर ताप आणखी चढला. "जंतू चिवट दिसतोय," ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं. माणूस डोळ्यांदेखत हातचा जात होता आणि आम्ही बाटल्यांवर बाटल्या टांगत होतो.

मॅडमनी जखम पाहिली. स्वच्छ होती. मग न मोडलेल्या पायाचं पाऊल त्यांनी झटकन वर दाबून धरलं. ते त्यांच्या हातात आपोआप थडथडत राहिलं, थांबेचना.

"हे जंतूचं काम नाही," त्या म्हणाल्या. "दुखण्याचं औषध आणि हे नवं अँटिबायोटिक, दोन्ही मेंदूतलं एकच रसायन वाढवतात. ताप त्याचा आहे. पण एवढं व्हायला तिसरं काहीतरी आधीपासून अंगात असणार."

बाहेर रंगाऱ्याची बायको आणि वडील बसले होते. वडील निवृत्त ड्रिल मास्तर, बाकावरही सावधान स्थितीत. "गोळ्या? आमच्या घरात कुणी गोळ्या घेत नाही," त्यांनी ठणकावलं. सून पिशवीचा बंद पिळत राहिली. मॅडमनी ते पाहिलं.

"काका, याच्या पायाखाली ठेवायला मऊ उशी आणता का जरा?"

उशा आमच्याकडे ढिगाने होत्या. मी तोंड उघडणार, तोच मॅडमनी डोळे वटारले.

सासऱ्यांची पाठ वळताच सून रडू लागली. "मनाच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या. मध्ये काम सुटलं होतं तेव्हापासून. इथे आल्यावर बंदच आहेत, म्हणून बोलले नाही. बाबांना कळलं तर ते यांच्याशी बोलणं टाकतील."

"बंद केल्या तरी त्या कित्येक आठवडे अंगात रेंगाळतात, ताई. बरं झालं सांगितलंत."

मॅडमनी दोन्ही औषधं खोडली. त्यांच्या जागी चालणारी दुसरी दिली, अंग गार ठेवायला सांगितलं, स्नायू सैल करणारं इंजेक्शन आणि नाकातल्या नळीतून एक जुनीच ॲलर्जीची गोळी उतारा म्हणून.

"आणि जंतूच असला तर?" सर्जनसाहेबांनी विचारलं.

"तर मी चुकले. म्हणून तर अँटिबायोटिक बदललंय, बंद नाही केलं."

रात्रभर मी तासातासाला ताप मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पाऊल निमूट झालं, आणि त्यानंतर एका सकाळी रंगाऱ्याने बायकोला हाक मारली. मला इतका आनंद झाला की मी औषधांच्या खोलीत जाऊन डोळे पुसून आले.

"वडिलांना तुम्ही सांगता, की सांगायचंच नाही?" मॅडमनी त्याला विचारलं. वडील आत आल्यावर त्याने डोळे मिटून स्वतःच सांगितलं. ड्रिल मास्तर नेहमीप्रमाणे उन्हात झटकून आणलेली ती उशी घेऊन उभे होते. ते तसेच उशीसकट वळून बाहेर गेले. रंगाऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला म्हाताऱ्याचा असा राग आला!

थोड्या वेळाने ते परतले.

"मॅडमना विचारून आलो. गोळी एवढ्यात नाही, पण नंतर सुरू करायची आहे." त्यांनी उशी मुलाच्या पायाखाली सारली आणि ती सारखी करत बसले. "मीसुद्धा ब्लडप्रेशरची घेतो. बाथरूममध्ये, तुम्हा सगळ्यांपासून लपवून. घरी आलास की दोघं समोरासमोर बसून घेऊ."