राजूरपर्यंतची जागा

आमच्या पीएच.डी.च्या योजनेचं नाव होतं ‘सहयोगी’. शाळेतली एक शिक्षिका आणि अध्यापक महाविद्यालयातली एक प्राध्यापिका, दोघींनी मिळून एकच विषय घ्यायचा, प्रबंध मात्र आपापला लिहायचा. मला जोडीला मिळाल्या जाफराबादच्या शाळेतल्या ताई. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आणि जिभेला हाड नाही.

विषय होता आईबापांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं शिक्षण. दर रविवारी ताई जाफराबादला एसटीत बसायच्या, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायच्या आणि राजूरला मी चढेपर्यंत सगळ्या गाडीशी भांडायच्या. जालन्यात गाडी बदलून आम्ही अंकुशनगरच्या साखर कारखान्याजवळ तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, पोचायचो.

तिथं ताई प्रश्न विचारायच्याच नाहीत. फडातून परतलेल्या एखादीच्या पुढ्यातली मेथी ओढून घ्यायच्या आणि निवडत बसायच्या. जुडी संपेपर्यंत ती बाई पोराची शाळा का सुटली ते आपणहून सांगून मोकळी व्हायची. मी लिहून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षी ताईंच्या सासूबाईंना लकवा झाला. घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे नवरा होता, दीर होता, पण ते यात धरायचे नसतात. मी विद्यापीठाकडे दोघींसाठी मुदतवाढ मागितली. उत्तर आलं, नोंदणी स्वतंत्र आहे, एकीला थांबायचं तर थांबू द्या. वा रे सहयोग!

ताईंनी फोनवर मलाच झापलं. “माझ्यापायी काहून थांबून राह्यली? तू हो पुढं. म्हातारी उठून बसली की मंग येतेच मी मागून.”

मी एकटी जाऊ लागले. मेथी निवडायला मीही बसून पाहिलं. “राहू द्या मॅडम, साडी खराब होईल,” म्हणत त्या बाईनं जुडी काढून घेतली. पोरांच्या शाळेचं विचारलं की एकच उत्तर, “बराबर चालू हाये.” शेवटचं प्रकरण मी त्यावरच उभं केलं. गाईड म्हणाले, फार नेटकं झालंय. घरी येऊन मी रडले.

म्हातारी काही उठून बसली नाही, अंथरुणालाच खिळून राहिली. मला पदवी मिळाली, ताईंची नोंदणी रद्द झाली. लोक मला डॉक्टर म्हणतात तेव्हा आजही वाटतं, हे अर्धंच आहे. पुढे मी कार घेतली आणि एसटी सुटली.

गेल्या महिन्यात कार गॅरेजला होती, म्हणून राजूरला एसटीत चढले. खिडकीशी ताई. शेजारच्या सीटवर पिशवी, आणि त्या सीटवरून एका माणसाशी भांडण चाललेलं. मला पाहून त्यांनी भांडण अर्ध्यावरच सोडलं.

“कोणासाठी धरली जागा?” मी विचारलं.

“कोणासाठी न्हाई गं. राजूर येईस्तोवर बसूच देत न्हाई मी कोणाला. सवयच लागून गेली.”

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मी बसले. जालना येईपर्यंत आम्ही दोघी सासूबाईंच्या औषधांबद्दल बोललो, प्रबंधाचं नाव कोणीच काढलं नाही.