पेनरिथच्या नाळेवरची हळद

दत्ताराम भिकाजी कुबल. वास्तव्य : सलमाबाद, बहरीन, लेबर कॅम्पातली वरची खाट. हुद्दा : सहायक पृष्ठभाग-संरक्षण तंत्रज्ञ. कार्यस्थळ : मीना सलमान बंदर, ब्रिटिश फ्रिगेट एच.एम.एस. पेनरिथ. सदर जहाजाच्या युद्धकार्याशी संबंध : नाही.

म्हणजे दत्ताराम रंगारी. पेनरिथ तेलाची जहाजं होर्मुझपार पोचवून अंगभर मीठ आणि गंज घेऊन परतायची. हा फळीवर लोंबकळत गंज खरवडायचा आणि राखाडी जहाज पुन्हा राखाडी करायचा. तिने ड्रोन पाडले, मानपत्रं मिळवली. दत्तारामला हातमोजे मिळाले.

माणूस मूळचा मालवणजवळच्या देवबागचा, गाबीत कोळी. तिकडे होडी रंगवण्याआधी नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद लावतात आणि मागणं मागतात ते होडीसाठी. माणसांचं वेगळं मागत नाहीत. माणसं होडीतच असतात. दत्ताराम पेनरिथलाही हळद लावी. वरून रंग बसला की कोणाला दिसतंय!

मुकादम सिराज टोमणा मारी, "दत्ताभाई, गोरे लोग मिसाइल लगाते हैं, तुम हल्दी. देखते हैं कौन चलता है."

यंदा लढाई पेटली तेव्हा दत्तारामचा मुलगा सुयोग एका टँकरवर खलाशी होता, होर्मुझच्या आत अडकलेला. तिथल्या टँकरांना बाहेर काढायला पेनरिथच निघाली. दत्तारामने मूठभर हळद फासली आणि सवयीने देवीकडे बोट परत आणायचं मागितलं, "आये, हिका सुखरूप हाड."

पेनरिथने दोन ड्रोन पाडले. तिसरा सुयोगच्या टँकरवर पडला.

वाचलेल्यांना घेऊन ती धक्क्याला लागली. ब्लँकेटं पांघरलेली माणसं एकेक करून शिडी उतरली. दत्ताराम खाली उभा राहून प्रत्येकाचं तोंड बघत होता. शेवटी एक फिलिपिनो आचारी उतरला आणि त्याच्यामागे नुसती शिडी राहिली.

गावाहून बायकोचा, काशीबाईचा फोन आला.

"बोट इली?"

"इली."

"धड?"

"खरचटूक पण नाय."

"मगे सुयोग खंय?"

दत्ताराम म्हणाला, "मी बोटीचाच मागलंय गो."

आठवड्याने पेनरिथ पुन्हा निघायची होती. दत्तारामने गंज खरवडला, रंगाचा डबा उघडला आणि थेट ब्रश बुडवला. शेजारच्या फळीवरून सिराजने खिशातली पुडी पुढे केली. हळदीची होती.

"लगाओ, भाई."

वर कठड्याला टेकून सुयोगच्या वयाची गोरी पोरं सिगारेट ओढत होती. दत्तारामने त्यांच्याकडे पाहिलं, पुडी घेतली, नाळेला हळदीचं बोट लावलं.

"पोरांका हाड," तो म्हणाला. बोटीचं नाव काढलं नाही.

मोहिमेच्या निवेदनात पेनरिथची हानी शून्य आहे.

सुयोग सापडलेला नाही.