अल खोबरच्या घरातली कोळीण

सौदीत माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात सेफ्टीचं ट्रेनिंग देणारा एक ऑस्ट्रेलियन होता. नोकरी संपवून तो कायमचा मायदेशी निघाला होता. धाहरानच्या कंपनी कॅम्पमधलं घर त्याने रिकामं केलं, सोफे विकले, सायकल कुणाला तरी देऊन टाकली आणि शेवटी राहिली ती एक काचेची पेटी. तिच्यात हाताच्या पंज्याएवढी, तपकिरी, केसाळ कोळीण होती. टॅरँट्युला. जात त्याच्याच देशातली, क्वीन्सलँडकडची, पण वाढ इथली. रियाधमध्ये असे कोळी पाळणारी एक बाई होती, तिने पिल्लापासून वाढवून त्याला दिलेली. आता ती बाई उन्हाळाभर परदेशी होती आणि तोवर कोळिणीला सांभाळायला कुणी तयार नव्हतं.

नवऱ्याने हे जेवताना गंमत म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "मला बघायचीये."

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "बघायला चाललोय. फक्त बघायला. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं.

ऑस्ट्रेलियनाने पेटीचं झाकण सरकवून लांब चिमट्याने माती जरा हलवली. कोळिणीने पुढचे पाय उचलले आणि तिच्यातून आवाज आला. खरखरीत कापडावरून कंगवा ओढावा तसा. तोंडाजवळचे राठ केस एकमेकांवर घासून ती असा आवाज काढते, असं त्याने सांगितलं.

"हिला हातावर घ्यायचं नाही. कधीच नाही," तो म्हणाला. "चावली तर माणूस मरत नाही, पण पार कळवळतो. आणि माती ओली ठेवायची. लोकांना वाटतं, केसाळ कोळी म्हणजे वाळवंटातला. ही तशी नाही. कोरड्या हवेत ही जगत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "अजून एक. रियाधच्या बाईंकडचा नर आणून हिच्याशी जुळवला होता. काही होईलच असं नाही. सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "मी घेते."

परतताना नवऱ्याने पेटी मागच्या सीटवर ठेवून गाडीचं दार आपटलं. मग म्हणाला, "रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर काय कमी कोळिणी होत्या, म्हणून ही घरात आणलीस?" त्याचा राग थट्टेत उतरला तेव्हा अर्धं काम झालं हे मला कळलं.

मी मूळची रत्नागिरीची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्नाआधी तिथल्या कॉलेजात शिकवलं. खेकडे, कोळंबी, विंचू, सगळे बरणीत, औषधाच्या पाण्यात बुडवलेले. त्यांचे पाय किती, डोळे कुठे, हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्यातलं जिवंत काही मी कधी वाढवलं नव्हतं. लग्नानंतर नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, इथे आले आणि शेजारच्या मुलांच्या शिकवण्यांपलीकडे माझं शिक्षण कुणाला लागलं नाही. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण त्या पेटीसमोर उभी असताना मला वाटलं, हे मला जमेल आणि हे मी जमवणार.

पहिल्याच आठवड्यात कळलं की अल खोबरच्या आमच्या घरात एसीशी माझी लढाई आहे. सकाळी ओली केलेली माती संध्याकाळी वरून पांढरी पडायची. मी जास्त उंचीची पेटी आणली, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती कालवून ती अर्ध्याहून वर भरली आणि एका कोपऱ्यात नळी खोचली. पाणी वरून शिंपडायचं नाही, नळीतून तळाशी सोडायचं. म्हणजे खालची माती ओली राहते आणि बुरशी धरत नाही. कोळिणीने दोन-तीन दिवसांत तिरकं बीळ खणलं आणि आत गेली. संध्याकाळी दिवा मंद केला की बिळाच्या तोंडाशी दोन पाय दिसायचे. चिमट्याने रातकिडा सोडला की ते पाय इतक्या झटक्यात बाहेर यायचे की दर वेळी माझा हात मागे जायचा.

रातकिडे नेहमी मिळत नसत, म्हणून मी झुरळं पाळली. खास खाऊ म्हणून वाढवतात ती, उडत नाहीत. नवऱ्याने एकच अट घातली. त्या डब्याचं झाकण उघडताना तो घरात नसला पाहिजे.

मग सासूबाई यायचं ठरलं. त्या संगमेश्वरजवळच्या गावात राहायच्या. व्हिजिट व्हिसावर येऊन आधी मक्केला उमरा करणार आणि मग आमच्याकडे राहणार होत्या. नवरा म्हणाला, "अम्मी यायच्या आत ती पेटी हलव. कुणाकडेही दे."

"कुणाकडे देऊ?"

"ते मला माहीत नाही. खलास."

मी पेटी हलवली नाही. सासूबाई आल्या, त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मी त्यांना सरळ खोलीत नेऊन पेटी दाखवली. "अम्मी, ह्यात मोठी कोळीण आहे. झाकणाला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी पेटीची खोली बदलेन, पण तिला टाकणार नाही."

त्यांनी काचेजवळ वाकून पाहिलं. दिसत तर काहीच नव्हतं, नुसती माती. "कोळ्याला आपल्यात कुणी मारत नाही," त्या म्हणाल्या. "पैगंबर लपले होते त्या गुहेच्या तोंडाशी त्यानेच जाळं विणलं होतं. पण माझ्या बिछान्याजवळ नको."

तेवढं मला पुरे होतं. पेटी मी कपडे धुवायच्या खोलीत नेली.

त्याच सुमाराला कोळिणीने खाणं सोडलं. सोडलेली झुरळं दुसऱ्या दिवशी तशीच फिरत असायची. मग एका सकाळी बिळाचं तोंड बंद झालेलं दिसलं. आतून माती आणि रेशीम लिंपून तिने ते बुजवून टाकलं होतं. मी रोज बघायची. काही हालचाल नाही, आवाज नाही. आठवडे गेले.

"मेली ती," नवरा म्हणाला. "उकरून बघ एकदा."

ऑस्ट्रेलियनाने दिलेल्या नंबरवर मी रियाधच्या बाईला मेसेज पाठवला. ती रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेत काम करणारी तरुण सौदी मुलगी निघाली. सुट्टीवर होती, तरी तिने लगेच फोन केला. "उकरू नका," ती इंग्रजीत म्हणाली. "कात टाकत असेल तर धक्क्याने मरेल. अंडी असतील तर घाबरून स्वतःच खाऊन टाकेल. काहीच नसेल तर थांबल्याने तुमचं काय जातंय?"

"आणि मेली असेल तर?"

"तर वास येईल."

वास येत नव्हता. मी नळीतून पाणी सोडत राहिले.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, बिल्डिंगचा एसी बंद पडला. दुरुस्तीला एखाद-दोन दिवस लागतील, असं चौकीदाराने सांगितलं. खोबरचा उन्हाळा माहीत असलेल्याला पुढचं सांगायला नको. भिंती आतून तापल्या. नवऱ्याने कॅम्पमधल्या मित्राला फोन केला. त्याने घरी बोलावलं, पण कोळीण आणू नका म्हणाला. त्याच्या घरी लहान मुलं होती, त्याचं बरोबरच होतं.

"चला," नवरा म्हणाला. "बॅग भर."

"तुम्ही अम्मींना घेऊन जा," मी म्हटलं. "मी राहते."

"वेड लागलंय तुला? जिवंत आहे का ते तरी माहिती आहे?"

"नाही माहीत. मेली हे कळेपर्यंत मी तिला जिवंतच धरणार."

तो आईकडे वळला. त्याला वाटलं असणार, आता अम्मी मला समजावतील. सासूबाई दुपट्ट्याने वारा घेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू जा. सकाळी तुला कामाला जायचंय. मी हिच्यापाशी थांबते."

"अम्मी, बाहेर केवढं ऊन आहे."

"गावाला कुठे एसी आहे आपल्या?"

नवरा चिडून किल्ल्या घेऊन निघून गेला. आम्ही दोघींनी पेटी दोन बाजूंनी धरून, हिसका न देता, आतल्या न्हाणीघरात नेली. तिथे खिडकी नव्हती, त्या घरातली तीच थंड जागा. फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाजूंना लावल्या. काचेला थेट बर्फ लागू द्यायचा नव्हता. एक बाटली वितळली की दुसरी. सासूबाई दाराशी स्टूल टाकून बसल्या आणि टॉवेल पिळून देऊ लागल्या.

"तू कॉलेजात हेच शिकवायचीस?" त्यांनी विचारलं.

"हो. पण मेलेले."

"मग हे बरं आहे," त्या म्हणाल्या.

तासाभराने दार वाजलं. नवरा बर्फाच्या पिशव्या आणि एक उभा पंखा घेऊन आला होता. त्याने पिशव्या टबमध्ये ओतल्या, पंखा लावला, आणि शर्ट काढून बाहेरच्या लादीवर आडवा झाला. एसी दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मित्राकडे कुणीच गेलं नाही.

त्यानंतरही बीळ बंदच होतं. सासूबाई गावी परतल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, "काय होतंय ते कळव."

एका सकाळी मी पाणी घालायला गेले तर बिळाचं तोंड उघडं. मातीवर फिकट ठिपके हलत होते. मला आधी बारीक किडे झालेत असं वाटलं. भिंग आणलं. आठ पाय होते. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, कितीतरी, आणि त्यांच्यामागे बिळाच्या अंधारात कोळिणीचे दोन पाय.

मी तिथेच लादीवर बसले. पिल्लं मोजायला लागले. नवरा चहाचा कप घेऊन मला शोधत आला, वाकून बघितलं, आणि कप खाली ठेवून त्याने आधी आईला फोन लावला.

खरी मेहनत पुढे होती. पिल्लं एकत्र राहिली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी. हॉटेलवाले चटणी देतात त्या झाकणाच्या डब्या नवऱ्याने आणल्या, मी त्यांना सुईने भोकं पाडली. मऊ ब्रशने एकेक पिल्लू उचलायचं, ओल्या मातीवर सोडायचं. खायला मारलेल्या झुरळाचा पाय, तुकडे करून. काही पिल्लं पहिल्याच कातीत अडकून मेली, काही माझ्या हातून पाणी जास्त झाल्याने गेली. वाईट वाटायचं, पण उरलेल्यांची खायची वेळ झालेली असायची.

थंडी पडल्यावर जगलेली बरीचशी पिल्लं घेऊन आम्ही रियाधला गेलो. ओलायातली ती मुलगी तिच्या भावाबरोबर पार्किंगमध्ये वाट बघत होती. तिने डब्या उजेडात धरून पाहिल्या. "माझ्याकडे दोनदा प्रयत्न झाला, अंडी टिकली नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत?"

"उकरलं नाही," मी म्हटलं.

ती हसली. पिल्लांच्या आईला मीच ठेवावं, असं तिनेच सांगितलं. मी विचारायचं म्हणून जे वाक्य गाडीत घोकत आले होते, ते वापरावं लागलं नाही.

आता घरात कोळीण आहे आणि तिच्या तीन लेकी. पिल्लांमधले नर ओळखता आले तसे मी दुसऱ्यांना दिले. मागच्या सुट्टीत मी एकटीच रत्नागिरीला गेले, तेव्हा झुरळांचा डबा नवऱ्याने उघडला. रोज मला फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, "खाल्लं." एक दिवस फोटोखाली लिहिलं होतं, "मोठीने खाल्लं नाही. बिळाचं तोंड बंद केलंय. मी हात लावलेला नाही."