सुपारी फुटली

"सरपंच, उठा तिथनं. त्यो धोंडा होडी बांधायचा हाय, राज्य करायचा न्हाई."

"दम धर गं अंबू. राजगड धोक्यात हाय."

"राजगड हाय तिथंच हाय. मान वर करून बघा की, समूर दिसतुय."

सर्जेराव सरपंचांनी मान वर केली नाही. त्यांचा राजगड म्हणजे धोंड्यावर कोळशानं आखलेल्या घरातले नऊ खडे. त्यातले चार रामभाऊंनी आत्ताच उचलले होते, आणि कालपर्यंत रामभाऊ सरपंचांचे जिवाभावाचे सोयरे होते.

अंबूबाईनं दोर तसाच हातात धरला आणि होडीत बसून राहिली. भाटघर धरणाच्या पाण्यावर गावची तर, म्हणजे होडीनं माणसं न्यायचा हक्क, तिच्याकडं होता. गावातली माणसं पल्याड सोडायची, तिथनं त्यांनी भोरची एसटी धरायची. बाप नावाडी होता, तो गेल्यावर वल्हं तिनं उचललं. नवरा होता, पण पाणी गुडघ्याच्या वर चढलं की त्याला भोवळ यायची. उन्हाळ्यात पाणी हटलं की तो मागं राहिलेल्या गाळात काहीबाही पेरायचा, बाकी वर्ष ह्या होडीवर. सुगीला घरटी पायली-दोन पायल्या भात यायचं, त्यावर चूल पेटायची.

आणि होडी बांधायच्या धोंड्यावर ही चार रिकामी राज्यं. सरपंचांचा राजगड, रामभाऊंचा तोरणा, गेनबाचा रोहिडा, चिमाजीचा रायरेश्वर. एकट्यानं कुणाचा गड घेता येत नसे. दोघांनी मिळून तिसऱ्यावर पडायचं, म्हणून सोयरीक करावी लागे. सोयरीक करायची म्हणजे आपली सुपारी दुसऱ्याला द्यायची. ती त्याच्या कनवटीला अख्खी आहे तोवर सोयरीक जिवंत. मोडायची झाली तर चौघांदेखत अडकित्त्यात धरायची. कट् वाजलं की सोयरीक मेली, मग खुशाल त्याच्या गडावर जा.

हा मूळचा कायदा. पुढं पुढं एकच माणूस तिघांच्या सुपाऱ्या कनवटीला लावून बसू लागला. सकाळचा भाऊ दुपारी वैरी, आणि दिवेलागणीला दोघं एकाच्या तंबाखूवर तिसऱ्याला शिव्या देत घरी. अंबूबाईनं हे दहा वर्षं बघितलं होतं. बाजारात विकलेली म्हैस निदान एकदा मागं वळून बघती, असं ती म्हणायची.

डाव धोंड्यावर होता तोवर तिचं काही जात नव्हतं. पण अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात भोरच्या बंडूशेटनं पंचायतीत अर्ज टाकला, की गावाला मोटारबोट देतो, गावची तर माझ्या नावावर करा. पंचायतीनं ठरवायला चौघांची कमिटी नेमली. कुठले चौघं, ते सांगायला नको.

होडीला डांबर लावायचे दिवस होते. तळातल्या फटी उघड्या पडल्या होत्या, चार फेऱ्या मारल्या की घोट्यापर्यंत पाणी. पण अंबूबाईनं डांबराचा डबा खाली काढला नाही. उद्या तरच हातची गेली, तर डांबर काय तोंडाला फासायचं?

आधी रामभाऊ आले. भर पाण्यात असताना वल्ह्यावर हात ठेवून म्हणाले, "अंबू, ह्यो हात तुझ्याच बाजूनं वर हुईल."

"आन दुसरा कुणाच्या बाजूनं?"

रामभाऊंनी वल्ह्यावरचा हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी गेनबानं मेंगाईची आण घेतली. चिमाजीनं आण घेतली नाही, तो नुसता रडला. त्याला कशानंही रडू यायचं. सरपंचांनी स्वतः यायची तसदी न घेता बायकोकडून निरोप धाडला, की अंबूला सांग, काळजी नको.

चौघांनी शब्द दिला तेव्हाच तिनं ओळखलं की आपली तर गेली. आणि तसंच दिसलं. बाजारच्या दिवशी धोंड्यापाशी बंडूशेट उभा, चौघांच्या तोंडात शेटनं आणलेला विडा, आणि सुपाऱ्या ह्याच्या कनवटीतनं त्याच्या कनवटीला चाललेल्या. मोटारबोटीसाठी चौघांनी एकमेकांत सोयरीक केली होती. अशी चौघांची एकी धोंड्यावर कधी झाली नव्हती.

"एक कोंबडी देऊन बघ सरपंचांना," नवरा म्हणाला.

"कोंबडी खातील, आन हाडकं बंडूशेटच्या दारात टाकतील. तू गाळातलं तण काढ."

ठरावाच्या दिवशी ती चावडीच्या उंबऱ्याबाहेर बसली. आत चौघं घोंगडीवर, बंडूशेट खुर्चीत. शेटनं मोटारबोटीचं रंगीत चित्र आणलं होतं, ते हातोहात फिरलं. मग सरपंच घसा साफ करून म्हणाले, "गावची तर बंडूशेटना द्यावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

तीन हात मांडीवरून निघाले. आणि तेवढ्यात आवाज आला.

कट्.

चिमाजीला सकाळपासून पान मिळालं नव्हतं. तोंड कोरडं पडलं होतं. हात वर करायचा म्हणून त्यानं आधी सुपारी फोडून घेतली, बाकी काही नाही. अंबूबाईला ते उंबऱ्याबाहेरून दिसत होतं. आतल्या तिघांची तोंडं शेटकडं होती, त्यांनी फक्त ऐकलं. निघालेले तीन हात हवेतच थबकले. तिघांची नजर चिमाजीवरून एकमेकांवर गेली, आणि प्रत्येकाच्या मनात एकच आलं, की ह्यानं मोडली. आता हा अंबूच्या बाजूनं जाणार आणि गावात आपणच शेटला विकलेले ठरणार.

रामभाऊंचा हात मुंडासं सारखं करायला गेला. "म्या काय म्हनतु," ते घाईघाईनं बोलले, "गावची तर गावातच ऱ्हावी."

"म्याच म्हननार हुतो," गेनबा म्हणाला.

"म्या पयल्यापास्नं तेच म्हनतुय," सरपंच म्हणाले, आणि चष्मा लावून अंबूबाईच्या नावाचा ठराव लिहायला बसले.

चिमाजीचा हात तेवढा एकटा वर राहिला होता. सुपारी गालात धरून त्यानं इकडं तिकडं बघितलं, मग त्याच हातानं डोकं खाजवलं आणि खाली घेतला. बंडूशेटनं चित्राची सुरळी केली आणि कुणाशी न बोलता बाहेर पडला.

तासाभरात चौघं पाण्यावर हजर. अंबूबाई होडी काठावर पालथी घालून फटींतला जुना काथ्या उकरत होती. धोंड्यावरचे खडे तिनं एका बाजूला लोटले होते आणि राजगडाच्या घरात तीन दगड मांडून चूल पेटवली होती. वर डांबराचा डबा.

"बघ, म्या म्हनलो हुतो का न्हाई?" रामभाऊ म्हणाले. "म्या हुतो म्हनून."

"तुमी हुता म्हनूनच भ्या वाटत हुतं."

"अगं, पन आमी दिलं की तुला."

"तुमी काय दिलं, रामभाऊ? चिमाजीआप्पांच्या तोंडाला कोरड पडली, म्हनून माझी चूल ऱ्हायली." तिनं फटीतनं सडका काथ्या ओढून पाण्यात फेकला. "बेइमानी करता, ती तरी धड करा की. चौघं मिळून एक सुपारी झेपंना तुमाला."

चिमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. सरपंच धुराच्या आड उभे राहून धोंड्याकडं बघत होते. "अंबू, डाव मोडलास गं. माझं पाच खडं हुतं त्यात."

"पुढच्या साली शेट परत इल, तवा मांडा," ती म्हणाली. "आता सरा मागं. डांबर उडलं तर सरपंच हाय का कोन, बघायचं न्हाई त्ये."

पल्याडच्या काठावरून एसटीचं कुणीतरी हाका मारत होतं. "आधी डांबर वाळू दे," ती मोठ्यानं ओरडली, आणि नवा काथ्या बोटानं फटीत दाबत पुढं सरकली.