पाळक साहेब माह्या उपदेशात झोपले

दोस्तहो, सकाळपासून डोकं चालून नाई राहिलं. तुमीच सांगा.

आज अकोटच्या चर्चमध्ये माहा उपदेश होता. ज्यायनं मले उपदेश कराले शिकवलं, ते आमचे म्हातारे पाळक साहेब अमरावतीहून एसटीनं खास आले. सहा वर्षं ते माह्या दर उपदेशाले पहिल्या बाकावर ताठ बसत. मी वचन चुकीचं सांगितलं की नुसते खाकरत, तेवढ्यावर मले समजे.

आज शेवटी सगळ्यायसमोर त्यायचे आभार मानाचे, असं मी ठरवलं होतं. तिथं आलो, समोर पाहिलं, तं साहेब मान टाकून गाढ झोपलेले! मी आभार मानले. बाया डोये पुसून राहिल्या होत्या अन् साहेब घोरून राहिले होते.

मंग दारात चहा पेताना मी इचारलं, "साहेब, लय कंटाळवानं झालं काय?"

"नाई रे. आजवर तू बोलाले उभा राहिला का मले धाकधूक होये. आज झालीच नाई, म्हून डोया लागला. शेवटी काय बोलला तू?"

तोंडावर सांगाची हिंमतच झाली नाई. म्हटलं, "काई नाई साहेब, प्रार्थना केली."

उपदेश करून चर्चच्या दारातच खोटं बोललो. आता त्यायले खरं सांगू, का असंच निवांत झोपू देऊ?