बावीस शेरडांचं श्रमदान

समाजसेवा मी आयुष्यात एकदाच केली आणि ती थांबवायला तीन माणसांना माझ्यामागं पळावं लागलं.

दोष आमच्या लोहारा गावच्या कचेरीतल्या सहकाऱ्यांचा. माणसांनी इतकं चांगलं असावं का? पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकलं की मी जिलेबी खाऊन आडवा होतो (देशप्रेम मलाही आहे, पण ते पडल्यापडल्या जास्त दाटून येतं). त्या वर्षी मात्र सगळ्यांनी माळावर झाडं लावायचं ठरवलं. कदमबाईंनी वर्षभर गच्चीवर दुधाच्या पिशव्यांत करंजाची शंभर रोपं वाढवली होती. शिपाई तुकारामभाऊंनी सुट्टीच्या दिवशी एकट्यानं खड्डे खणून ठेवले होते. ऐकून माझाही ऊर भरून आला आणि मी बोलून गेलो, "आमच्या घरची सगळी येतील!"

सगळी म्हणजे मी, बायको आणि माझे वडील आप्पा. माळावर पोचलो तर आप्पांच्या मागं बावीस शेरडं!

"आप्पा, शेरडं कशाला आणली तुम्ही?"

"मग कुनाच्या भरवशावर सोडू? तुला सुट्टी हाय, शेरडाच्या पोटाला अस्ती व्हय?"

पहिल्याच खड्ड्यात माती लोटताना माझ्या तळहाताला फोड आला. कदमबाईंनी माझी पात्रता लगेच ओळखली. "तुमी नुस्ती लावल्याली रोपं राखा. बाकी कायबी करू नका."

मी रोपांजवळ उभा राहिलो, छाती काढली आणि स्टेटससाठी स्वतःचा फोटो घेतला. फोटोत मी होतो, रोपं होती आणि माझ्या खांद्यामागं शिंगं असलेलं एक दाढीवालं तोंड होतं. वळून पाहतो तर बावीसच्या बावीस शेरडं रोपांत!

बाईंची वर्षभराची मेहनत, आणि ती खाणार माझ्या बापाची शेरडं! उद्या कचेरीत तोंड कसं दाखवू? मी टॉवेल फिरवत "हैऽऽ! हैऽऽ!" करत घुसलो. शेरडं डावीकडं, मी डावीकडं. शेरडं उजवीकडं, मी उजवीकडं.

"अहो, थांबा!" बायको माझ्यामागं पळत ओरडली.

"थांबा, थांबा!" बाईही मागून पळत ओरडल्या. मला वाटलं, शेरडांनाच सांगतायत. मी वेग वाढवला! शेवटी तुकारामभाऊंनी पाठीमागून येऊन माझ्या कमरेला मिठी मारली.

आप्पा शांतपणे तंबाखू मळत उभे होते. "आरं येड्या, करंजाला शेरडू तोंड लावत न्हाय! लई कडू पाला. म्हनून तर बाईंनी करंज निवडला. शेरडं राखनाऱ्याच्या पोटी आलास, अन् एवढं बी ठावं न्हाय?"

मी मटकन खाली बसलो. एक पानसुद्धा खाल्लं गेलं नव्हतं! इतकं हायसं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बायकोनं बोट दाखवलं. अकरा रोपं आडवी झाली होती आणि प्रत्येकाशेजारी माझ्या चपलेचा ठसा होता.

कदमबाई रागावल्या नाहीत. काड्या लावून त्यांनी एकेक रोप उभं केलं. "मुळं शाबूत हायेत. जगतील." आप्पांनी घरून आणलेलं पोतंभर लेंडीखत बुडाशी घातलं. आणि खरंच, सगळी जगली. माझा जीव भांड्यात पडला.

यंदा पुन्हा बाईंचा फोन आला, पण माझ्या नव्हे, आप्पांच्या मोबाइलवर.

"आप्पा, शेरडं खुशाल मोकळी आणा. तुमच्या लेकाला मात्र दावं लावून आणा!"