फोटोतलं आईचं हसू

रिसॉर्टला आमसुलं पोचवायला गेले की ऑफिसातला आईचा फोटो समोर येतो. हातात पाण्याचा पेला, तोंडभर हसू आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'गाव आमचं, जबाबदारी आमची'.

वीसेक वर्षं झाली असतील. डोंगरातला झरा रिसॉर्टच्या कुंपणात गेला, त्यावर पाहुण्यांसाठी पोहायचा तलाव झाला आणि खाली आमच्या उन्हाळी भाताला येणारं पाणी थांबलं. त्यानंतर रिसॉर्टच्या कंपनीनं गावाला पिण्याच्या शुद्ध पाण्याचं यंत्र दिलं. उद्घाटनाच्या दिवशी झेंडूच्या माळांपेक्षा नव्या प्लास्टिकचाच वास जास्त येत होता. पहिला पेला आईच्या हातात दिला.

"अक्का, जरा हसा की," मॅनेजर म्हणाला.

"हसते की. पर सायबा, ह्या पेल्यानं भात पिकतंय व्हय?"

"पेल्यानं कशाला गे? चमच्यानं पाज एकेका रोपाला!" मागून शेजारची रुक्माकाकू ओरडली. बायका फिस्सकन हसल्या, आईलाही हसू आवरलं नाही. बेंगळूरच्या फोटोग्राफरला मराठी कळत नव्हती. त्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

त्या उन्हाळ्यात शेत पडीक राहिलं. पुढं आम्ही ते रिसॉर्टलाच भाड्यानं दिलं.

परवा नवा मॅनेजर म्हणाला, "आई किती खूश दिसतात!"

मी हो म्हटलं. आमसुलांचं गिऱ्हाईक तोडणं मला परवडत नाही. मग आमच्या शेतात लावलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांमधून वाट काढत घरी आले.